कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ: मालकाची आणि संस्थेची कायदेशीर जबाबदारी काय?

‘आमच्याकडे सगळे घरच्यासारखेच आहेत, समिती-बिमिती कशाला?’ शाळा चालवणारे ट्रस्टी असोत, नर्सिंग होमचे डॉक्टरसाहेब असोत की शिलाईचा कारखाना असलेले शेठ असोत, पॉश कायद्याचा विषय काढला की हे वाक्य हमखास ऐकायला मिळते. त्याच संस्थेत पंचवीस-तीस जण कामाला असतात आणि त्यातल्या निम्म्या महिला असतात. मग एके दिवशी चांगली शिकवणारी एखादी शिक्षिका वर्ष संपायच्या आत राजीनामा देते. ‘लग्न ठरलं असेल’ म्हणून लोक विषय सोडून देतात. खरे कारण फक्त तिला आणि तिच्या अम्मीला माहीत असते.

आपल्या समाजात नोकरी करणाऱ्या मुलींची संख्या वाढते आहे. बँक, लॅब, हॉस्पिटल, आयटी कंपनी, कोचिंग क्लास, दुकानाचे काउंटर, सगळीकडे त्या दिसतात. बऱ्याच घरांत ती नोकरी करणारी पहिलीच मुलगी असते आणि परवानगी मिळवण्यासाठी तिने घरात वर्षभर समजूत घातलेली असते. अशा मुलीला ऑफिसात वाईट अनुभव आला की ती घरी सांगतच नाही, कारण सांगितले तर पहिले उत्तर येणार, ‘सोड ती नोकरी.’ त्रास देणारा खुर्चीवर कायम राहतो, पगार हिचा बंद होतो, आणि धाकट्या बहिणीची वाटही बंद होते. म्हणूनच हा कायदा नोकरी करणाऱ्या मुलींच्या घरच्यांनी समजून घ्यायला हवा, आणि ज्यांच्या हाताखाली मुली काम करतात त्यांनी तर त्याहून जास्त.

कायदा आला कुठून?

राजस्थानात जयपूरजवळच्या भटेरी गावात भंवरी देवी नावाच्या महिला सरकारी योजनेत ‘साथिन’ म्हणून काम करत होत्या. बालविवाह थांबवणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता. १९९२ साली एका तान्ह्या मुलीचे लग्न रोखण्याचा त्यांनी प्रयत्न केला आणि त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. सरकारी काम करताना हे घडले, पण त्याची जबाबदारी घ्यायला मालक म्हणून कोणीच पुढे आले नाही. महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ निकाल आला. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ होऊ न देणे ही मालकाची जबाबदारी आहे, असे न्यायालयाने सांगितले आणि कायदा होईपर्यंत पाळायची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती सुजाता मनोहर होत्या. पूर्वी त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश राहिल्या होत्या.

पुढची पंधरा वर्षे ही तत्त्वे बहुतेक कागदावरच राहिली. ती पाळली जात नाहीत म्हणून पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यायालयाने राज्यांना व संस्थांना पुन्हा कडक आदेश दिले. अखेर २०१३ मध्ये संसदेने कायदा केला आणि ९ डिसेंबर २०१३ पासून तो लागू झाला. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला सगळे पॉश कायदा म्हणतात.

छळ कशाला म्हणायचे?

अंगाला हात लावला तरच छळ, हा पहिला गैरसमज. कायद्यात पाच प्रकार सांगितले आहेत: नको असलेला स्पर्श किंवा लगट, शरीरसंबंधाची मागणी, अश्लील अर्थाचे बोलणे, अश्लील चित्र वा व्हिडिओ दाखवणे, आणि लैंगिक स्वरूपाचे इतर कोणतेही नकोसे वागणे, मग ते शब्दांनी असो वा इशाऱ्यांनी. रात्री साडेअकराला ‘झोपलीस का?’ असा साहेबाचा मेसेज येतो, पुन्हापुन्हा येतो, सोबत फोटो मागितला जातो, तर ऑफिसची वेळ संपली होती म्हणून तो सुटत नाही. १९९९ सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की प्रत्यक्ष स्पर्श झालाच पाहिजे असे नाही.

यातला महत्त्वाचा शब्द ‘नकोसे’ हा आहे. ‘मी तर मस्करी केली’ या उत्तराने प्रश्न मिटत नाही. बोलणाऱ्याला काय वाटत होते एवढेच बघून चालत नाही, तिला ते नको होते का हे बघावे लागते. ती त्या वेळी हसली किंवा गप्प बसली म्हणून तिला ते चालत होते असाही अर्थ निघत नाही. साहेबासमोर कोण कधी मोकळेपणाने ‘नाही’ म्हणते?

याशिवाय, अशा वागण्याशी जोडून प्रमोशनचे आमिष, नोकरी घालवण्याची धमकी, कामात मुद्दाम अडथळे, वातावरण असे करून ठेवणे की तिला तिथे बसवत नाही, तब्येतीवर परिणाम होईल असा अपमान, हे सगळेही छळात धरले जाते. इथे एक फरक लक्षात ठेवावा. स्कार्फवरून किंवा नावावरून टोमणे मारणे हा वाईटच प्रकार आहे, पण त्यात लैंगिक भाग नसेल तर तो या कायद्यात बसत नाही. त्याची तक्रार वरिष्ठांकडे वेगळी करावी लागते. ‘हे काढ, जरा तुझे रूप बघू दे’ असे कोणी म्हणाले, तर मात्र तो याच कायद्याचा विषय झाला.

कोणाला लागू आहे?

सरकारी कचेरी, कंपनी, कारखाना, दुकान, बँक, रुग्णालय, क्रीडासंस्था, ट्रस्ट, सोसायटी, सामाजिक संस्था, या सगळ्यांना. आपल्याकडच्या शिक्षणसंस्था, शाळा, वसतिगृहे, ट्रस्टचे दवाखाने यांनाही. ‘आम्ही खिदमत म्हणून चालवतो, नफा नाही’ म्हणून सूट मिळत नाही. धर्मादाय संस्थांना वेगळा नियम नाही.

कर्मचारी म्हणजे फक्त पगारपत्रकावरचा माणूस नव्हे. कायमस्वरूपी, हंगामी, रोजंदारी, ठेकेदाराकडून आलेली सफाई कर्मचारी, प्रोबेशनवरची, शिकाऊ, एवढेच काय, बिनपगारी स्वयंसेवक म्हणून येणारी मुलगीही त्यात येते. तक्रार करणारी महिला तिथली कर्मचारी असलीच पाहिजे असेही नाही. दवाखान्यात आलेली पेशंट किंवा दुकानात आलेली ग्राहक हिलाही हे संरक्षण आहे. कामानिमित्त गेलेली जागा आणि मालकाने दिलेली गाडीसुद्धा ‘कामाची जागा’ ठरते. म्हणजे कंपनीच्या बसमधला ड्रायव्हर असो की ट्रेनिंगला नेलेले हॉटेल, जबाबदारी मालकाची.

हा कायदा फक्त महिलांच्या तक्रारींसाठी आहे. पुरुष कर्मचाऱ्याचा छळ झाला तर त्याला कंपनीचे नियम आणि फौजदारी कायदा यांचा आधार घ्यावा लागतो. कॉलेज-विद्यापीठांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे वेगळे विनियम आहेत, त्यात विद्यार्थ्यांच्या तक्रारींचीही सोय आहे. आणि मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर पॉक्सो कायदा लागतो. तिथे पोलिसांना कळवणे सक्तीचे आहे. शाळेने ‘आधी आमची समिती बघेल’ म्हणून ते दाबून ठेवणे हाच गुन्हा आहे.

मालकाचे पहिले काम: अंतर्गत समिती

जिथे दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती नेमणे सक्तीचे आहे. दहा महिला नव्हे, एकूण दहा माणसे, ठेकेदारीवरची धरून. ‘आमच्याकडे बाई एकच आहे’ हे कारण चालत नाही. शाखा चार ठिकाणी असतील तर समितीही चारही ठिकाणी हवी. मुख्य ऑफिसच्या एका समितीवर सगळे भागवता येत नाही.

समितीची अध्यक्ष त्या संस्थेतली वरिष्ठ पदावरची महिलाच असावी लागते. तशी कोणी नसेल तर त्याच मालकाच्या दुसऱ्या शाखेतून, तेही नसेल तर दुसऱ्या संस्थेतून घेता येते. त्यामुळे ‘सीनियर बाई नाही म्हणून समिती नाही’ हेही कारण उरत नाही. कर्मचाऱ्यांमधून किमान दोन सदस्य घ्यायचे, शक्यतो महिलांच्या प्रश्नांची आस्था असलेले, सामाजिक काम केलेले किंवा कायद्याची माहिती असलेले. एक सदस्य बाहेरचा हवा, महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतला किंवा या विषयाची जाण असलेला. एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला हव्यात. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे. हे सगळे लेखी आदेशाने व्हायला हवे. मीटिंगमध्ये तोंडी ठरवले म्हणजे समिती झाली असे नाही.

बाहेरचा सदस्य हा या रचनेचा कणा आहे आणि नेमकी तिथेच पळवाट काढली जाते. ट्रस्टींच्या मेहुणीला किंवा संस्थेच्या नेहमीच्या वकिलाला ‘बाहेरचा सदस्य’ म्हणून बसवले की कागद पूर्ण होतो, पण तक्रार करणाऱ्या मुलीला तिथे बोलायचा धीर होत नाही. तालुक्यात महिलांसाठी काम करणारी एखादी संस्था असतेच, कॉलेजात समाजकार्याच्या प्राध्यापिका असतात. त्यांना विचारावे. त्यांचे मानधन आणि प्रवासखर्च मालकाने द्यायचा असतो.

समिती नेमून जबाबदारी संपत नाही

कायद्याच्या १९ व्या कलमात मालकाची कामे सांगितली आहेत आणि बहुतेक ठिकाणी हेच कलम वाचलेले नसते. कामाची जागा सुरक्षित ठेवणे हे पहिले काम, आणि त्यात बाहेरून येणाऱ्या माणसांपासूनची सुरक्षितताही आली. सप्लायर, पालक, पेशंटचे नातेवाईक, कुरिअरवाला यांच्यापैकी कोणी त्रास देत असेल तर ‘तो आमचा माणूस नाही’ म्हणून हात झटकता येत नाहीत. गुन्हा करणारा बाहेरचा असेल आणि महिलेची इच्छा असेल तर फौजदारी कारवाई सुरू करून देणे हेही मालकाचे काम आहे. तिला स्वतः पोलिसांत जायचे असेल तर मदत करायची, अडवायचे नाही.

समितीच्या सदस्यांची नावे असलेला आदेश आणि छळाचे परिणाम काय होतात हे दर्शनी भागात लावायचे असते. दर्शनी म्हणजे जिथे शिपाईबाईपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांची नजर जाते तिथे, मुख्याध्यापकांच्या केबिनमधल्या कपाटाच्या दारावर नाही. आणि मराठी, उर्दू, हिंदी, जी भाषा तिथल्या बायका वाचतात त्या भाषेत. इंग्रजीतला छापील कागद सफाई करणाऱ्या ताईंच्या काय कामाचा? ज्यांना वाचता येत नाही त्यांना वर्षातून एकदा बसवून समजावून सांगणे हेही याच जबाबदारीत येते, कारण कर्मचाऱ्यांसाठी ठरावीक काळाने जागृतीचे कार्यक्रम आणि समिती सदस्यांचे प्रशिक्षण घेणे बंधनकारक आहे.

समितीला बसायला जागा, कागदपत्रे, माहिती पुरवणे, ज्याच्यावर आरोप आहे त्याला आणि साक्षीदारांना हजर राहायला लावणे, सेवानियमांत लैंगिक छळ हे गैरवर्तन म्हणून लिहून ठेवणे, समितीचे अहवाल वेळेवर येतात का ते पाहणे, ही बाकीची कामे. दर वर्षी किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, नव्वद दिवसांपेक्षा जास्त किती रखडल्या, किती कार्यशाळा झाल्या याचा अहवाल समितीने तयार करायचा आणि तो मालकाला व जिल्हा अधिकाऱ्याला द्यायचा. एकही तक्रार आली नाही तरी तसा अहवाल जायला हवा. कंपन्यांना तर २०१८ पासून संचालक मंडळाच्या अहवालातच लिहावे लागते की आम्ही समिती नेमली आहे.

रात्रीच्या कामाबद्दल महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदाही माहीत असावा. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला तिच्या संमतीशिवाय कामाला ठेवता येत नाही. संमती असली तरी सुरक्षिततेची, छळापासून संरक्षणाची आणि घराच्या दारापर्यंत सोडण्याची सोय मालकाने करायची असते.

तक्रार आली की काय व्हायला हवे?

घटना घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची. प्रकार पुन्हापुन्हा घडत असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने मोजायचे. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने मुदत वाढवू शकते. त्यापलीकडे समितीचा दरवाजा बंद होतो, म्हणून ‘बघू, कदाचित तो सुधारेल’ असे म्हणत फार थांबू नये. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहायला मदत करणे हे समितीचे काम आहे. ती शारीरिकदृष्ट्या तक्रार करण्याच्या अवस्थेत नसेल तर नातेवाईक, मैत्रीण किंवा सहकारी करू शकतात.

तक्रारीच्या सहा प्रती, पुरावे, साक्षीदारांची नावे-पत्ते द्यायचे. सात कामकाजी दिवसांत समितीने एक प्रत समोरच्याला पाठवायची, त्याने दहा कामकाजी दिवसांत उत्तर द्यायचे. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. दोन्ही बाजूंना वकील आणता येत नाही, हे मुद्दाम ठेवले आहे. नाहीतर पगारदार शिक्षिका एकीकडे आणि संस्थेचा मोठा वकील दुसरीकडे असा सामना झाला असता. साक्षीदाराला बोलावणे, कागदपत्रे मागवणे याबाबत समितीला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत.

चौकशी चालू असताना त्या महिलेने रोज त्याच माणसासमोर बसायचे का? नाही. ती मागणी करू शकते की माझी किंवा त्याची बदली करा, मला रजा द्या. ही रजा तीन महिन्यांपर्यंत मिळू शकते आणि तिच्या हक्काच्या रजेतून कापली जात नाही. तिचा गोपनीय अहवाल त्याने लिहायचा नाही, असेही समिती सांगू शकते. समितीने शिफारस केली की मालकाने ती अमलात आणायची असते. माझे मत विचाराल तर बदली शक्यतो त्याचीच व्हावी. तिला लांबच्या शाखेत पाठवले की सगळ्या ऑफिसला चुकीचाच संदेश जातो.

चौकशी संपल्यावर दहा दिवसांत अहवाल मालकाला आणि दोन्ही पक्षांना मिळतो, आणि आरोप सिद्ध झाले असतील तर साठ दिवसांत मालकाने कारवाई करायची. लेखी माफी, ताकीद, बढती किंवा पगारवाढ रोखणे, नोकरीतून काढणे, यातले काय ते प्रकरण पाहून ठरते. त्याच्या पगारातून कापून तिला नुकसानभरपाईही देता येते. ती ठरवताना मानसिक त्रास, बुडालेली संधी, औषधोपचाराचा खर्च आणि त्याची ऐपत बघतात. निर्णय मान्य नसेल तर कोणत्याही पक्षाला नव्वद दिवसांत अपील करता येते.

घाईने केलेली चौकशी काय नुकसान करते याचे उदाहरण गोव्यात आहे. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाविरुद्ध २००९ मध्ये विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीने शेवटी इतकी घाई केली की त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नाही. त्याला नोकरीतून काढले गेले, पण मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कारणावरून निर्णय रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले. चौदा वर्षे गेली. समिती प्रशिक्षित नसेल तर शेवटी नुकसान तक्रार करणाऱ्या मुलींचेच होते. त्याच निकालात न्यायालयाने देशभर समित्या खरोखर नेमल्या आहेत का ते तपासायला सांगितले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये जिल्हा अधिकारी व स्थानिक समित्या नेमण्यासाठी राज्यांना तारखा घालून दिल्या.

त्रास देणारा दुसऱ्याच ऑफिसचा असेल तर? आधी यावर गोंधळ होता. २०२५ च्या शेवटी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की महिला आपल्या स्वतःच्या कार्यालयातल्या समितीकडे तक्रार करू शकते. त्याच्या ऑफिसात जाऊन, त्याच्याच सहकाऱ्यांसमोर उभे राहायची सक्ती नाही.

दहापेक्षा कमी माणसे, घरकाम आणि मालकच आरोपी

आपल्या समाजातल्या कितीतरी बायका जिथे काम करतात तिथे समिती नसते आणि कायद्याने लागतही नाही. चार मशिनींचे शिलाई युनिट, मेडिकल दुकान, वकिलांचे ऑफिस, डॉक्टरांचा छोटा दवाखाना, घरकाम. अशा ठिकाणची तक्रार, तसेच खुद्द मालकाविरुद्धची तक्रार, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ही समिती जिल्हा अधिकारी नेमतात आणि तिची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करावी. तालुका आणि वॉर्ड पातळीवर तक्रार घेऊन सात दिवसांत पुढे पाठवणारा नोडल अधिकारी नेमण्याचीही तरतूद आहे.

स्थानिक समितीबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. सामाजिक संस्थांतून नेमलेल्या सदस्यांत अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग किंवा अल्पसंख्याक समाजातली किमान एक महिला असावी असे कायदाच सांगतो. आपल्या जिल्ह्याच्या समितीत अशी कोण आहे हे कार्यालयात जाऊन विचारायला काय हरकत आहे? आपल्या समाजात वकील, शिक्षिका, सामाजिक कार्यकर्त्या कमी नाहीत. त्यांची नावे सुचवण्याचे काम आपल्या संघटना करू शकतात.

घरकाम करणाऱ्या महिलेची तक्रार प्रथमदर्शनी खरी वाटली तर स्थानिक समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते. ज्यांच्या घरी बाई कामाला येते त्या घरातल्या पुरुषांनी लक्षात ठेवावे की या कायद्यापुरते त्यांचे घर ही तिची कामाची जागा आहे.

‘घरातच मिटवा’ आणि ‘खोटी तक्रार’

तक्रार झाली की मोहल्ल्यातले बुजुर्ग, जमातचे जबाबदार लोक मध्ये पडतात. हेतू चांगलाही असतो. पण समझोत्याची वाट कायद्याने अरुंद ठेवली आहे. चौकशीआधी समेटाचा प्रयत्न होऊ शकतो, पण त्या महिलेने स्वतः मागितला तरच, आणि तो समितीमार्फत. पैसे देऊन-घेऊन केलेला समेट चालत नाही. तिच्या अब्बूंना किंवा भाईजानला बोलावून ‘तुमच्याच घराण्याची बदनामी होईल’ असे समजावणे हा समेट नव्हे, दबाव आहे.

बदनामीच्या भीतीवर कायद्याकडे उत्तर आहे. तक्रार करणारी, ज्याच्यावर आरोप आहे तो, साक्षीदार, यांची नावे-पत्ते आणि चौकशीतला मजकूर छापता येत नाही, सांगता येत नाही, माहितीच्या अधिकारातही मिळत नाही. समितीतल्या कोणी किंवा प्रकरण हाताळणाऱ्या कोणी बाहेर फोडले तर पाच हजार रुपये दंड वसूल होतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘ऐकलं का’ म्हणून पाठवणेही त्यात येऊ शकते.

खोट्या तक्रारीचा मुद्दा प्रत्येक बैठकीत निघतो. जाणूनबुजून, द्वेषाने खोटी तक्रार केली किंवा बनावट कागद दिले असे चौकशीत ठरले तर तक्रार करणाऱ्या महिलेवर कारवाईची तरतूद आहे. पण पुरावा देता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. बंद केबिनमध्ये घडलेल्या गोष्टीला साक्षीदार कुठून आणणार? म्हणून नोटीस बोर्डावर खोट्या तक्रारीच्या शिक्षेचाच मजकूर ठळक लावणारी संस्था आपल्या कर्मचाऱ्यांना खरे तर धमकीच देत असते.

मालकाने हे केले नाही तर?

समिती नेमली नाही किंवा कायद्यातली कामे केली नाहीत तर पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. पुन्हा तीच चूक झाली तर दुप्पट शिक्षा, आणि व्यवसायाचा परवाना किंवा नोंदणी रद्द होऊ शकते. शाळा किंवा रुग्णालय चालवणाऱ्यांनी हे शेवटचे वाक्य दोनदा वाचावे.

समितीची वाट आणि पोलिसांची वाट वेगवेगळी आहे, दोन्ही एकाच वेळी धरता येतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७५ व्या कलमात लैंगिक छळाला शिक्षा आहे. नकोसा स्पर्श, शरीरसंबंधाची मागणी, इच्छेविरुद्ध अश्लील चित्रे दाखवणे यासाठी तीन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, अश्लील शेरेबाजीसाठी एक वर्षापर्यंत कैद. पाठलाग करण्यासाठी ७८ वे कलम आहे. ‘आधी अंतर्गत समितीकडे जा’ म्हणून पोलिसांनी परत पाठवणे बरोबर नाही.

केंद्र सरकारचे शी-बॉक्स नावाचे ऑनलाइन पोर्टलही आहे. सरकारी आणि खासगी दोन्ही ठिकाणच्या तक्रारी तिथे नोंदवता येतात आणि त्या संबंधित समितीकडे जातात. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचे नवे रूप सुरू झाले. तातडीच्या मदतीसाठी ११२, महिला हेल्पलाइन १८१. वकिलाचा सल्ला हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते, त्यांचा क्रमांक १५१००.

मुलीने घरी येऊन सांगितले तर त्याच रात्री एक काम करावे. तारीख, वेळ, जागा, कोण काय बोलले, आजूबाजूला कोण होते, हे तिच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवावे. मेसेज कितीही घाण वाटले तरी डिलीट करू नयेत, स्क्रीनशॉट काढून ते दुसऱ्या फोनवर किंवा ईमेलवर पाठवून ठेवावेत. राजीनामा लगेच देऊ नये. आणि दिलाच असेल, तरी तीन महिन्यांची मुदत संपलेली नसेल तर तक्रार करता येते. त्यासाठी जुन्या ऑफिसच्या समितीचे नाव-पत्ता मिळत नसेल, तर ती माहिती का लावलेली नाही हाच पहिला प्रश्न मालकाला लेखी विचारावा आणि त्याची पोच घ्यावी.